श्रोता आवश्यक

मिठूची गिटार सुरू झाली त्याच सुमारास तिच्या आजीच्या डाव्या कानाने काम थांबवलं. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, असं गिटारच्या सरांनी वेळीच स्पष्ट केलेलं आहे.

आजीला सगळी इमारत मावशी म्हणे. मावशींची उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. तो काळ असा की परगावी बोलायचं तर आधी ट्रंक कॉल नोंदवायचा, मग घरादाराने फोनभोवती ताटकळत बसायचं, आणि लाइन लागली की तारेवर विश्वास नसल्यासारखं ओरडायचं. मावशींच्या समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, आणि डोक्याला हेडफोन, तोही कायम डाव्या कानावर. कॉल जोडून दिला की ऑपरेटरने लाइनीवरून बाजूला व्हायचं, हा तिथला पहिला नियम. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं हा गुन्हा होता, त्याबद्दल मेमो मिळे. तरी बाजूला होता होता जो एखादा "हॅलो" कानावर पडे, त्यावरून मावशींना कळायचं की पलीकडची बातमी बरी आहे की वाईट. असा तो कान. तो गेला हे त्यांना लगेच उमगलं. घरच्यांना कळवायचं तेवढं राहिलं.

त्यांनी आधी मुलाला सांगितलं.

"अरे, मला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय."

"ऐकतोय, आई. बोल," मुलगा मोबाईलवरून बोट सरकवत म्हणाला.

"बोलले की मी."

"हो ना. बघू आपण."

'बघू आपण' हा त्या घरातला सर्वोच्च निर्णय होता. त्यावर अपील नव्हतं. मावशी सुनेकडे गेल्या, तर सून म्हणाली, "आई, दोन मिनिटं हं, मॅडम आल्यात." या मॅडम म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या. त्या गेल्या की गिटारचे सर येत आणि सर पायात बूट घालत असतानाच गाण्याच्या बाई पायातल्या चपला काढत. सुनेची दोन मिनिटं या तिघांच्या मध्ये कुठेतरी होती, पण ती कधी सापडली नाहीत.

हे सगळं का चाललं होतं, तेही सांगायला हवं. समोरच्या दारातल्या मुलाला व्यक्तिमत्त्व आलं होतं. एकाएकी आलं. सुट्टीपर्यंत साधा मुलगा होता, सुट्टीनंतर जिन्यात भेटला की हात पुढे करून इंग्रजीत हवापाण्याची चौकशी करू लागला. त्याच्या आईने सांगितलं की एक संस्था आहे. ती घरी शिक्षक पाठवते, इंग्रजी, गिटार आणि गाणं हे तिन्ही एकत्र घेतलं तर व्यक्तिमत्त्व पूर्ण होतं, सुटं सुटं घेतलं तर कुठेतरी पोकळी राहते. आपल्या मुलीत पोकळी राहावी असं कोणत्या आईबापाला वाटेल?

मिठूत आतापर्यंत तरी पोकळी नव्हती. नाव बडबडीवरूनच पडलेलं. शाळेतून आली की दप्तर भिरकावून ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसे आणि मावशींना दिवसभराचं सगळं सांगे. कोणाची कोणाशी कट्टी झाली, कोणती बाई फळ्याकडे वळली की जांभई देते, सगळं नकलेसकट. मावशी भाजी निवडत ऐकत, मधेच "आणि मग ती काय म्हणाली?" असं विचारत. दिवसातला तेवढा वेळ त्या दोघींचा. तीन शिक्षक लागले आणि तो वेळ गेला. आता मिठू उभ्याउभ्या काहीतरी खाई आणि दिवाणखान्यात जाऊन इंग्रजीत सांगे की तिचा आवडता छंद बागकाम आहे. घरात एकही कुंडी नव्हती.

आणि मग संस्थेचं परिपत्रक आलं. एकट्याने, बंद खोलीत केलेला सराव यापुढे सराव म्हणून गणला जाणार नाही. विद्यार्थ्याने रोजचा सराव किमान एका श्रोत्यासमोर करावा व त्याचं चित्रीकरण पाठवावं. चित्रीकरणात श्रोता कमरेपासून वर संपूर्ण दिसावा. भिंतीवरची तसबीर, बाहुली, पाळीव प्राणी व झोपलेली व्यक्ती यांना श्रोता समजण्यात येणार नाही.

"मला तर कामावरून यायलाच उशीर होतो," मुलगा म्हणाला.

"आणि मी काय घरी मोकळी असते?" सून म्हणाली.

मग दोघांनी एकदम मावशींकडे बघितलं. आपल्याकडे असं दोघांनी मिळून बघितल्याला बराच काळ लोटला, हे मावशींच्या लक्षात आलं. ही संधी सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

"मी ऐकेन," त्या म्हणाल्या. "पण आधी तुम्ही माझं ऐका. माझा डावा कान..."

"अहो आई, तुम्हाला काहीच करायचं नाहीये. नुसतं बसायचंय," सून म्हणाली, आणि खुर्ची उजेडात कुठे ठेवायची ते बघायला गेली.

सुरुवातीच्या दिवसांत मावशींकडून चुका झाल्या. उजवा कान अजून शाबूत होता, त्यामुळे त्या ऐकत. मिठू बागकामावर आली की त्यांना हसू येई. एकदा तर त्यांनी गाणं मधेच थांबवलं आणि विचारलं, "मिठू, ही ओळ रडवेली आहे आणि तू सरबत मागितल्यासारखी म्हणतेयस. झालंय काय तुझं? शाळेत काही झालं का?"

मिठूचा चेहरा बदलला. ती काहीतरी सांगणार होती. पण चित्रीकरण चालू होतं. तिने मोबाईलकडे बघितलं आणि पुढची ओळ सुरू केली.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या समन्वयक बाईंचा फोन आला. आवाज कोवळा आणि अतिशय गोड होता.

"श्रोता मॅम बोलताय का? तुमच्या बाजूने हस्तक्षेप नोंदला गेलाय. म्हणजे तुम्ही प्रश्न विचारलात."

"तिचं काहीतरी बिनसलंय, म्हणून विचारलं."

"तेच ना, मॅम. बिनसलेलं आमच्याकडे समुपदेशनात येतं. तो वेगळा कोर्स आहे. श्रोत्याने फक्त समोर बघायचं, चेहरा प्रसन्न ठेवायचा, मान सावकाश हलवायची आणि शेवटी टाळ्या. तुमच्यामुळे मिठूचे गुण कमी व्हायला नकोत ना?"

नकोच होते. मावशींनी हस्तक्षेप बंद केला. तसाही तो फार दिवस चालला नसता, कारण उजवा कानही आता डाव्याच्या वाटेने निघाला होता. आधी दूधवाल्याची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग पंख्याची घरघर. वाद्यं आणि माणसं भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटू लागली. मावशी उजेडात बसून मिठूचे हलणारे ओठ बघत, ते थांबले की टाळ्या वाजवत. महिनाअखेर संस्थेकडून प्रगतिपत्रक आलं. मिठूची प्रगती समाधानकारक होती. श्रोत्याची प्रगती उल्लेखनीय होती.

ही बातमी जिन्यातून वर चढायला कितीसा वेळ लागणार? श्रोत्यांचा तुटवडा सगळ्याच मजल्यांवर होता. ज्याच्या त्याच्या घरात सगळेच काही ना काही शिकत होते, त्यामुळे प्रत्येकाला ऐकवायचं होतं आणि ऐकायला कोणालाच फुरसत नव्हती. समोरच्या दारातला मुलगा आला. मग त्याची आई आली, कारण तिच्यातही पोकळी निघाली होती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गिटार घेऊन आले आणि वाजवण्यापेक्षा ती सुरात लावण्यातच त्यांची वेळ संपे. परदेशी मुलाखतीची तयारी करणारी एक मुलगी रोज येऊन आपले दोष सांगे. दोष असे की ऐकणाऱ्याला ते गुण वाटावेत, असं तिला शिकवलेलं होतं. सुनेने वेळा आखून दिल्या. मावशी सकाळी खुर्चीत बसत ते जेवायलाच उठत, जेवून पुन्हा बसत.

त्या प्रत्येकाला आधी सांगत, "हे बघा, मला नीट ऐकू येत नाही."

"काय विनय आहे!" बँकवाले गृहस्थ म्हणाले.

"मावशी, अगदी हेच हवंय," मुलाखतवाली मुलगी म्हणाली. "आमच्या मॅडम म्हणतात, समोरच्याला जोखायचं नाही."

एक्स्चेंजमध्ये बाई दुसऱ्याचं ऐकते म्हणून मेमो मिळे. आता तिला ऐकू येत नाही हे ती स्वतः सांगत होती, आणि लोक तिला नमस्कार करून जात होते.

तिसऱ्या मजल्यावर कानाचे डॉक्टर राहत. नामांकित मनुष्य. त्यांच्या दवाखान्यात आठवडा आठवडा नंबर लागत नसे. तेही एक दिवस दारात उभे राहिले तेव्हा मावशींना वाटलं, आलं कोणीतरी कामाचं. पण डॉक्टरांच्या हातात तपासणीची पेटी नव्हती, तानपुऱ्याचं यंत्र होतं. ते गाणं शिकत होते.

"डॉक्टर, बरे आलात. माझे कान जरा बघता का?"

"अवश्य. दवाखान्यात या, इथे उजेड नाही," डॉक्टर उजेडाच्या खुर्चीसमोर मांडी घालत म्हणाले. "आत्ता जरा सराव करून घेतो. घरी बायको दार लावून घेते हो."

आणि त्यांनी डोळे मिटले. उजव्या कानात जे काही शिल्लक होतं, त्याने मावशींनी पहिले काही दिवस डॉक्टरांचं गाणं ऐकलं. पुढे तोही कान मिटला. त्याला दोष देता येणार नाही.

दवाखान्याच्या वेळेला मावशींच्या खुर्चीसमोर रांग असे आणि खुर्ची मोकळी असेल तेव्हा डॉक्टर स्वतःच तिच्यासमोर गात असत. हा पेच सुटायला बरेच दिवस गेले. शेवटी मुलाखतवाल्या मुलीला ताप आला आणि तिच्या वेळेत मावशी रिक्षा करून दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवला आणि आवाज आला की बटण दाबा, असं खुणेने सांगितलं. हेडफोन कानावर बसताच मावशींना क्षणभर वाटलं, आता कोणीतरी नंबर सांगेल आणि आपण लाइन जोडून देऊ. त्या बटणावर बोट ठेवून वाट बघत राहिल्या. बटण दाबायची वेळ जवळजवळ आलीच नाही.

डॉक्टर आत आले ते पांढरेफटक पडून. ते कागदावर लिहू लागले, मोठ्या अक्षरात. आधी लिहिलं, "हे कधीपासून?"

"झाले की महिने," मावशी म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगत होते."

डॉक्टरांनी पुन्हा लिहिलं. "म्हणजे माझं गाणं?"

मावशींना कोणाचं मन मोडवत नसे. "सुरुवातीचं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी तो कागद चुरगळून टोपलीत टाकला. पण कानाचे असले तरी शेवटी ते हाडाचे डॉक्टर होते. त्यांनी मावशींच्या मुलाला आणि सुनेला संध्याकाळी बोलावून नीट समजावलं. दोन्ही कानांना यंत्रं बसवावी लागतील. बसवली तर चांगलं ऐकू येईल. मात्र उशीर करू नये, कारण कान फार दिवस बंद राहिले की मेंदू आवाज विसरू लागतो आणि मग यंत्र असूनही बोलणं म्हणजे नुसता कलकलाट वाटतो. मुलाने हे सगळं मोबाईल खाली ठेवून ऐकलं, यावरून त्याचं गांभीर्य लक्षात यावं.

"लगेच बसवू," तो म्हणाला.

"लगेच म्हणजे," सून म्हणाली, "परीक्षा तोंडावर आलीये ना..."

तिथे डॉक्टरांनाही आपली परीक्षा आठवली.

संस्थेच्या वार्षिक परीक्षेत मिठूसकट सगळ्या इमारतीचा श्रोता एकच होता. म्हणून सभा भरली, तीही मावशींच्याच दिवाणखान्यात, कारण सगळ्यांना तिथली सवय होती. सभेचा विषय मावशीच असल्यामुळे त्यांना चहा करायला सांगण्यात आलं. समन्वयक बाई जातीने हजर होत्या. समोरच्या दारातल्या बाईंनी शंका काढली की यंत्र बसवल्यावर मावशींच्या चेहऱ्यावर काही उमटलं तर काय? बँकवाले म्हणाले, परीक्षेच्या ऐन तोंडावर विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास धोक्यात घालणं बरं नव्हे. डॉक्टरांनी वैद्यकीय मत म्हणून पुन्हा एकदा सांगितलं की उशीर घातक आहे, आणि विद्यार्थी म्हणून ठरावाच्या बाजूने हात वर केला. ठराव असा की परीक्षा पूर्ण होईपर्यंत श्रोत्याच्या श्रवणशक्तीत कोणताही बदल करू नये. ठराव एकमताने संमत झाला, आणि मिठूला किंवा इतर मुलांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही ठरलं. मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या, तेव्हा सगळ्यांचे हात वर होते. त्यांना वाटलं, चहा कोणाकोणाला हवा ते सांगताहेत. त्यांनी सगळ्यांना दिला.

नंतर मुलाने मिठूच्या नकळत पाटीवर लिहून दाखवलं, "आई, परीक्षा झाली की लगेच. नक्की."

मावशींना तक्रार करायची नव्हती. त्यांना एवढंच वाटे की मिठूचा आवाज विसरायच्या आत व्हावं. रिकामा वेळ मिळाला की त्या डोळे मिटून तो आठवायचा प्रयत्न करत. एक्स्चेंजमधल्या अनोळखी माणसांचे "हॅलो" त्यांना अजून जसेच्या तसे आठवत. रोज गिऱ्हाइकांशी भांडणारा लाकडाचा व्यापारी, लग्न होऊन गेलेल्या मुलीला फोन करून नुसतंच रडणारी एक बाई. मिठूचा आवाज मात्र धरायला गेलं की निसटे. नक्कल करतानाचा येई, तो शाळेतल्या बाईंचा असे. मिठूचा नसे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुपार होती. मिठूने सराव संपवला, मोबाईल बंद करून पालथा घातला, आणि उठून जाण्याऐवजी ती आजीच्या पायाशी जमिनीवर बसली. गुडघे छातीशी घेऊन, ओट्यावर बसायची तशी. आणि बोलू लागली.

ती खूप बोलली. आधी भरभर, मग अडखळत. मधे तिने नाक बाहीला पुसलं. एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज लहान केला असावा, कारण ओठ जेमतेम हलत होते. मावशी पुढे वाकल्या. जितकं वाकता येईल तितकं वाकल्या. मिठूचा श्वास त्यांच्या गालाला लागत होता. त्यांनी ओठांवरून काही कळतं का बघितलं, पण इतके महिने त्या नुसती ओठ थांबण्याची वाट बघत आलेल्या, वाचायला शिकल्याच नव्हत्या. "थांब, मला ऐकू येत नाहीये," असं म्हणायला हवं होतं. म्हटलं तर ती गप्प होईल आणि उठून जाईल, ही भीती. आणि त्या भीतीत, इतक्या दिवसांच्या सवयीने, मावशींची मान हलू लागली. सावकाश. प्रसन्न चेहऱ्याने.

मिठूने शेवटी काहीतरी विचारलं. मावशींनी मान डोलावली.

मिठू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, आजीच्या गुडघ्यावर थोपटलं आणि गिटार उचलून आत गेली. त्यानंतर ती पायाशी येऊन बसली नाही.

मावशींनी पाटी घेऊन तिच्या मागे फिरून बघितलं. "त्या दिवशी काय म्हणालीस, लिहून दे ना," असं विनवलं. मिठूने खांदे उडवले आणि इंग्रजीत लिहिलं की विशेष काही नाही.

परीक्षा झाली. इमारतीतले सगळे उत्तीर्ण झाले. यंत्रांचं काय, असं मावशींनी विचारलं तर पाटीवर उत्तर आलं की आता बक्षीस समारंभ तोंडावर आला आहे, तेवढा होऊन जाऊ दे, संस्थेचा 'आदर्श श्रोता' हा पहिलावहिला सन्मान त्यांना मिळतो आहे, आणि कानात यंत्रं घालून तो घ्यायला जाणं कसं दिसेल?

समारंभ मोठ्या सभागृहात होता. मावशींना इस्त्रीची साडी नेसवून पहिल्या रांगेत बसवलं. मंचावर मुलं, बाप्ये, बाया येऊन तोंडं उघडत होती, तारा छेडत होती. डॉक्टर डोळे मिटून बराच वेळ उभे होते. मिठूही येऊन गेली. मग संस्थेच्या संचालकांचे ओठ लांबलचक हलले, सुनेने कोपराने ढोसलं आणि मावशी मंचावर चढल्या. खांद्यावर शाल आली. समन्वयक बाईंनी माइक पुढे केला आणि बोटांनी खूण केली: दोन शब्द.

मावशींनी माइक हातात घेतला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना लाइन जोडून दिली होती. समोर भरलेलं सभागृह होतं, आणि त्यातली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता, म्हणून त्यांनी जुन्या ट्रंक कॉलवर बोलत तसं जोरात सांगितलं. "हे मी सगळ्यांना सांगितलं, कोणी ऐकलं नाही. माझी नात मला काहीतरी सांगत होती. रडून सांगत होती. मला ते ऐकू आलं नाही आणि मी मान डोलावली. कोणीतरी तिला विचारा. आज विचारा. मी नंतर ऐकेन."

मग बँकवाले गृहस्थ उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागून सगळे उठले. मावशींना हात दिसत होते, शेकडो हात, एका लयीत. मुलाखतवाली मुलगी डोळे टिपत होती. आशय काय, धाडस काय, उच्चार किती स्वच्छ, असं संचालकांनी नंतर भाषणात सांगितलं, आणि पुढल्या वर्षीपासून 'मनोगत' हा चौथा विषय सुरू करत असल्याचं जाहीर केलं. नावनोंदणी दाराशीच होती.

मावशी मंचावरून पहिल्या रांगेकडे बघत होत्या. मिठू टाळ्या वाजवत नव्हती. ती आईचा पदर ओढून काहीतरी सांगत होती. आईने मोबाईल मंचाकडे रोखून धरला होता, सासूबाईंचा सगळा सन्मान त्यात यायला हवा होता. तिने नजर न हलवता मान डोलावली. वेगही अगदी संस्थेने सांगितलेला.

असो. तुम्ही मात्र ही गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत. मावशींसाठी तुमचा जीवही हळहळला असेल, त्यात शंका नाही. फक्त मघाशी, वाचताना, आतल्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलं आणि तुम्ही "हं" म्हणालात.

काय सांगितलं होतं?